चेहऱ्याची मोजपट्टी कोणाची?

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड... आता आपल्या वस्त्यांमधली मुलेही दातांना तारा लावू लागली आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. आपल्या आज्यांच्या वाट्याला दुखरा दात उपटून टाकण्यापलीकडे काही आले नव्हते. पण दवाखान्यात डोक्याचा बाजूने एक्स-रे काढतात, त्यावर रेषा आखतात, कोन मोजतात आणि सांगतात, "तोंड नॉर्मलपेक्षा पुढे आहे." तेरा-चौदा वर्षांची मुलगी तेव्हापासून हसताना तोंडावर हात धरते. आम्ही विचारतो, हे नॉर्मल ठरवले कोणी?

अमेरिकेत या शास्त्राचा पाया घालणारा एडवर्ड अँगल सुंदर चेहऱ्याचा आदर्श म्हणून अपोलो या देवाच्या संगमरवरी पुतळ्याकडे बोट दाखवत असे. पुढे एक्स-रे आला आणि पुतळ्याची जागा आकड्यांनी घेतली. १९४८ मध्ये विल्यम डाउन्सने उत्तम दंतरचना असलेल्या अवघ्या २० गोऱ्या मुलामुलींचे, वय १२ ते १७, कोन मोजले. ते आकडे जगभरच्या दवाखान्यांत पोचले. १९५१ मध्येच अमेरिकेतल्या काळ्या, जपानी आणि चिनी वंशाच्या लोकांवर हीच पद्धत लावून पाहिली गेली. दात उत्तम, पण आकडे वेगळे! म्हणजे दोष चेहऱ्यात नव्हता, मोजपट्टी अपुरी होती.

आपल्याला ही मोजपट्टी नवी नाही. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले याने नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड सिद्ध करायचा खटाटोप केला. नाक जितके रुंद, तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धान्त. बाबासाहेबांनी त्याला आकड्यांनीच उत्तर दिले. 'दी अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनी दिलेली नाकाची मोजमापे समोर ठेवली आणि दाखवून दिले की, ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही. हा ग्रंथही १९४८ चाच! त्याच वर्षी आपला परभणी जिल्हा निजामाच्या राजवटीतून सुटला.

काही जण म्हणतील, मग जातवार मोजपट्ट्या करा. मुळीच नाही! ते रिस्लेलाच मागच्या दाराने आत घेणे होईल. एका वस्तीतच काय, एका घरातल्या दोन भावंडांचे जबडेही सारखे नसतात. भारतीय मुलांची मोजमापे झाली आहेत, ती जरूर वापरावीत. पण सरासरी म्हणजे कायदा नव्हे.

उपचार नाकारा असे आम्ही म्हणत नाही. चावता येत नसेल, दात घासता येत नसतील, पुढे आलेला दात पडल्यावर तुटायची भीती असेल तर तारा जरूर लावा. पण फक्त ओठ मागे घेण्यासाठी चार निरोगी उपदाढा काढायला सांगितल्या तर आईबापांनी विचारावे, "डॉक्टर, हे आकडे कोणत्या मुलांचे? नाही केले तर त्रास काय होईल?" आणि मुलीलाही विचारावे, तुला काय हवे आहे?

प्रश्न विचारायला बाबासाहेबांनीच शिकवले. दवाखान्याच्या खुर्चीत बसल्यावर ते विसरायचे कशाला?

जय भीम!