एक धनी, दोन नाके

यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा समोर धरला, तर पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा अशा दोन नद्यांच्या बेचक्यात हा मुलूख वसलेला दिसतो. वणी तालुक्याच्या टोकाशी त्या दोघी एकमेकींस मिळतात, आणि शाळेतल्या भूगोलापुरते पाहिले तर त्यांच्याविषयी याहून अधिक सांगण्याजोगे काही नाही. परंतु या दोन्ही नद्या एकेकाळी निरनिराळ्या राज्यांच्या सरहद्दी होत्या. एका नदीची सरहद्द मोडावी आणि दुसरीची पडावी, या दोन्ही गोष्टींना इ. स. १८५३ या एकाच वर्षात, अवघ्या सात महिन्यांच्या अंतराने तोंड फुटले. त्या घडामोडींत इथल्या रयतेला कोणी विचारले नव्हते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही; पण त्यांचा खर्च तिने पुढे शंभर वर्षे सोसला.

त्यापूर्वीचा काळ सरहद्दीचा नव्हता, भागीदारीचा होता. १७२४ साली शकरखेडल्याच्या लढाईत निजाम-उल्-मुल्काने दख्खनची सुभेदारी मनगटाच्या जोरावर पक्की केली. तिकडे मराठ्यांचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क कायमच होता, आणि पुढे तो वसूल करायला नागपूरकर भोसले उभे राहिले. या दोन हक्कांतून वऱ्हाडात दुअंमल सुरू झाला. गाव एक, पाटील एक, पीक एक. पण वसुलाला येणारे कारकून दोन सरकारांचे, आणि एकाने मागितलेले दिले म्हणजे दुसऱ्याचे चुकले असे कधी होत नसे. १८०३ मध्ये असई, अडगाव आणि गाविलगड येथे लागोपाठ हार खाल्ल्यानंतर दुसऱ्या रघूजी भोसल्यांना १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह करावा लागला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांच्या हातून गेला आणि तो, काही किल्ले-परगणे वगळता, ईस्ट इंडिया कंपनीचा दोस्त म्हणून निजामाच्या पदरात पडला. तेव्हापासून वर्धा ही नागपूर आणि हैदराबाद या दोन दरबारांमधली वेस झाली. १८१८ च्या एप्रिलात पळता पळता पांढरकवड्याजवळ गाठला गेलेला दुसरा बाजीराव याच मुलखात हरला, आणि १८२२ च्या तहाने वर्धेच्या पश्चिमेस भोसल्यांचे जे काही उरलेसुरले होते, तेही संपले.

मग १८५३ उजाडले. हैदराबाद कंटिंजंट नावाची इंग्रजी अंमलदारांच्या हाताखालची फौज निजामाच्या पैशावर पोसली जात होती. तिचे पगार थकले, थकबाकीचे कर्ज झाले, आणि कर्जाच्या पोटी मुलूख मागण्याची जी कंपनीची जुनी रीत, तीच लॉर्ड डलहौसीने येथेही चालवली. २१ मे रोजी तह झाला आणि वऱ्हाड इतर काही परगण्यांसह इंग्रजांकडे अमानत म्हणून गेले. दिवाण सिराज-उल्-मुल्क तहानंतर काही दिवसांतच निवर्तले, आणि त्यांचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग दिवाणगिरीवर बसला. हे वऱ्हाड परत मिळवण्याचा ध्यास त्याने जन्मभर घेतला. इकडे ११ डिसेंबर रोजी नागपुरास तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा झाले. वर्धेच्या दोन्ही काठांवर आता एकच अंमल आला; पैनगंगेचा उत्तर काठ इंग्रजी झाला आणि दक्षिण काठ मोगलाईत, म्हणजे निजामाकडे, राहिला. १८६० च्या तहाने निजामाचे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूरचा दुआब त्याला परत मिळाला. वऱ्हाड मात्र अमानतीतच राहिले.

अमानत या शब्दात सगळी मेख होती. वऱ्हाडावर स्वामित्व निजामाचे, कारभार इंग्रजांचा. म्हणून कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता, आणि यवतमाळचा शेतकरी पोलीस, कचेरी, सारा, शाळा यांपुरता इंग्रजांचा असला तरी कागदोपत्री हैदराबादचाच प्रजाजन होता. इथले कायदे हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमाने लागू होत. यवतमाळच्या शेजारच्या कारंजाचा कापसाचा नियंत्रित बाजार, देशातला तशा प्रकारचा पहिला, १८८६ साली अशाच हुकुमाने निघाला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सालीना २५ लाखांच्या खंडावर वऱ्हाडाचा कायमचा इजारा करून घेतला आणि पुढल्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडले. तरीही स्वामित्वाचा तो धागा तुटला नाही. वणीत जन्मलेले आणि यवतमाळास वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले ते मतदारांनी निवडून दिल्यामुळे. पण वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसल्याने त्यांचे नाव सरकारनियुक्त सभासदांत, ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ म्हणून नोंदले जाई. लोकांनी निवडलेल्या आणि सरकारशी उभा दावा मांडणाऱ्या माणसाची नेमणूक सरकारनेच करावी, असा विनोद कायद्याला सहसा सुचत नाही.

या विनोदाची दुसरी बाजू पैनगंगेच्या उतारावर दिसे. हैदराबाद संस्थानाच्या जकात खात्याचे नाव करोडगिरी. सरहद्द ओलांडून येणाऱ्या आणि जाणाऱ्या मालावर ते खाते जकात घेई. १८०२ च्या व्यापारी तहाने तिची मर्यादा शेकडा ५ ठरवलेली होती. आता ज्या वऱ्हाडचे धनी आपण आहोत असे निजाम सरकार प्रत्येक खलित्यात बजावून सांगे, त्याच वऱ्हाडातून नदीपार आलेल्या मालावर त्याच सरकारचे नाके परमुलखातला माल म्हणून जकात बसवी. धनी एक आणि घर एक असताना, माजघरातून ओसरीवर भांडे आणायला जकात द्यावी, तशातला हा प्रकार होता.

उमरखेडच्या बाजूने हदगावच्या बाजाराला निघालेली एखादी गाडी डोळ्यांपुढे आणावी. पाणी बेताचे असेल त्या उतारावर बैल पोटापर्यंत भिजत पार होतात, आणि काठ चढून वर येतो तोच नाका. नाकेदार गाडीवरचे गाठोडे सोडायला लावतो, बीजक मागतो, ते नसले तर मालाची किंमत आपल्या अंदाजाने धरतो, आणि मग नाण्याचा हिशेब सुरू होतो. कारण या काठाचे नाणे कलदार आणि त्या काठाचे हाली. दोहोंचा सरकारी भाव सहा कलदारांस सात हाली, म्हणजे शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै असा. शंभर कलदारांचे कापड गाडीत असेल, तर त्याची किंमत हालीत मांडायची, तिच्यावर शेकडा ५ काढायचे, आणि ५ रुपये १३ आणे ४ पै हाली मोजून पावती घ्यायची. हे हाली रुपये जवळ नसले, तर ते सराफाकडून घ्यावे लागत, आणि सराफाचा भाव हा सरकारचा भाव नसल्यामुळे वर बट्टा लागे तो निराळाच. बाजारात कापड विकून आलेले हाली परत येताना पुन्हा कलदार करून घ्यायचे, त्याचाही बट्टा. पाच टक्के हा आकडा ऐकायला सौम्य आहे. पण जकात, येता-जाता दोन बट्टे आणि नाक्यावर खोळंबलेला अर्धा दिवस यांची बेरीज केली, म्हणजे छोट्या व्यापाऱ्याला नदीपलीकडचा बाजार जवळ असूनही लांब का वाटू लागला, ते ध्यानात येते.

तो लांब होत गेलाही. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर कापूस, धान्य आणि मीठ लादून या भागातून उत्तर-दक्षिण जात. पुसद-दिग्रस भागातले बंजारा तांडे आज शेतीत स्थिरावले असले, तरी त्या व्यापाराचेच ते वारस आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ नंतर वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तो कापूस आगगाडीने मुंबईकडे धावू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत अरुंद मापाचा लोहमार्ग आला. किलिक निक्सन कंपनीने बांधलेल्या त्या गाडीला पुढे लोक शकुंतला म्हणू लागले. या मार्गाने यवतमाळच्या व्यापाराचे तोंड मुंबईकडे फिरले आणि पाठ पैनगंगेकडे झाली. १९०५ साली वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले आणि पुसद तालुका त्याला जोडला गेला, तेव्हा जिल्ह्याला नदीकाठाची लांब सरहद्द मिळाली खरी, पण तोवर ती व्यापाराची वाट राहिली नव्हती.

लोकांची वाट मात्र ती राहिली. माहूरगड निजामाच्या हद्दीत, आणि रेणुकामाता यवतमाळच्या कितीतरी घरांची कुलस्वामिनी. त्यामुळे नवरात्रात आणि दत्तजयंतीला आर्णी-धनोड्याच्या वाटेने यात्रेकरू नदी उतरून मोगलाईत जात आणि ओटी भरून परत येत. सोयरिकी दोन्ही काठांवर होत. भाषा तीच, वऱ्हाडी आणि मराठवाडी यांच्या सीमेवरची. राज्यकर्त्यांच्या भांडणाचा या व्यवहाराशी संबंध नव्हता, एवढेच त्या भांडणाचे चांगले.

ते भांडण दरबारी होते आणि चिवट होते. सालारजंग १८७६ मध्ये विलायतेपर्यंत जाऊन आले. १९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अलीखान यांनी वऱ्हाड परत मागणारे पत्र व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना लिहिले. १९२६ च्या मार्चात त्याचे जे उत्तर आले, ते सार्वभौम सत्तेपुढे कोणत्याही संस्थानिकाने बरोबरीच्या नात्याने बोलू नये अशा रोखठोक भाषेत होते. दहा वर्षांनी, १९३६ च्या करारात, निजामाच्या समाधानासाठी त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला आणि वऱ्हाडात निजामाचे निशाण इंग्रजी निशाणाच्या शेजारी फडकू लागले. कारभार होता तिथेच राहिला. माझ्या मते निजाम सरकारची खरी चूक येथे झाली: वऱ्हाडच्या स्वामित्वासाठी त्याने साठ-सत्तर वर्षे लेखण्या झिजवल्या, पण वऱ्हाडच्या रयतेला नाक्यावर परकी मानणे एक दिवसही सोडले नाही, मग ती रयत परत येण्यास उत्सुक का असावी?

इंग्रज गेल्यावर हे सारे कागद एका वर्षात निकालात निघाले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि हैदराबाद यांच्यात जैसे थे करार झाला. तो पाळला जाण्याऐवजी हैदराबादने मौल्यवान धातू भारतात नेण्यावर बंदी घातली, भारतीय चलन आपल्या हद्दीत अग्राह्य ठरवले, आणि पाकिस्तानला २० कोटींचे कर्ज दिले. भारताच्या बाजूने माल जाणे रोखले गेले, आणि दिल्लीने नाकेबंदीचे नाव घेण्याचे टाळले तरी नदीकाठच्या माणसाला ती मिठापासून रॉकेलपर्यंत जाणवली. रझाकारांच्या भीतीने नांदेडकडची कुटुंबे पैनगंगा उतरून या काठावर आली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांचे तळ सरहद्दीवर उभे राहिले, आणि त्यांपैकी एक महत्त्वाचा तळ उमरखेड येथे होता. तिकडे त्या लढ्याच्या कार्यक्रमात शिंदीची झाडे तोडण्याबरोबर करोडगिरीचे नाके जाळणे हेही एक कलम होते. शंभर वर्षे ज्याच्यापुढे गाड्या थांबत आल्या, ते छप्पर पेटवण्यात लोकांना राजकारणाहून अधिक काहीतरी वाटले असेल, असे मला वाटते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा दोन्ही एका राज्यात आले. आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका, माहूरसह, नांदेडला जोडला गेला, आणि पैनगंगा आपल्या बऱ्याचशा काठावर दोन जिल्ह्यांची साधी शीव होऊन बसली. पूर्वेकडे पांढरकवडा-झरी-वणीच्या बाजूला मात्र ती राज्याची सीमा राहिली, आणि तेथे जुने नाटक एकदा नव्या पात्रांनी झाले. १९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना चालवली. कापूस राज्याबाहेर विकण्यास बंदी, आणि पैसे हप्त्यांनी. नदीपलीकडे आदिलाबादच्या बाजारात ज्या वर्षी भाव बरा आणि पैसे रोख, त्या वर्षी रात्रीच्या गाड्या पुन्हा पैनगंगा उतरू लागल्या. फरक इतकाच की पूर्वी पलीकडचा नाका अडवी, आता अलीकडचा.

ती योजनाही पुढे मोडीत निघाली. आता नागपूर-हैदराबाद हमरस्ता पिंपळखुटीच्या तपासणी नाक्यावरून पैनगंगेवरचा पूल ओलांडून तेलंगणात जातो, आणि मालमोटारींच्या रांगा तेथे लागतात. उमरखेडच्या बाजूला, सहस्रकुंडाच्या धबधब्यावर, नाका नाही. पावसाळ्यात डावीकडच्या काठावर यवतमाळचे आणि उजवीकडच्या काठावर नांदेडचे लोक उभे राहून एकच पाणी पाहतात.