लॅपटॉप किती वर्षं टिकतो हो?

परवा दुकानात एक काका आले. पिशवीत मुलीचा गेमिंग लॅपटॉप. २०२१ साली इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन झालं तेव्हा पतसंस्थेचं कर्ज काढून ७२ हजारांना घेतलेला. आता शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट अर्धवट आणि लॅपटॉप चालूच होत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, मदरबोर्ड बदला, ४८ हजार. काकांनी मला एकच विचारलं, "भाऊ, ही मशीन टिकते तरी किती वर्षं?"

दुकानात गर्दी होती, म्हणून तेव्हा थोडक्यात सांगितलं. पण हा प्रश्न दर वर्षी अ‍ॅडमिशनच्या सीझनला निम्मं कोल्हापूर विचारतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

गोष्ट उष्णतेपासून सुरू होते. २ जुलै २००८ ला एनव्हिडियानं जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या त्यांच्या काही ग्राफिक्स चिप ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त बिघडत आहेत, कारण चिपच्या पॅकेजिंगमधलं मटेरियल कमजोर आहे. त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवत असल्याचंही सांगितलं. चिप तापते, फुगते, थंड होते, आकसते. हे हजारो वेळा झालं की आतले केसाएवढे टाके तडकतात. आमच्या धंद्यातले बरेच जण अजूनही याचं खापर शिसं नसलेल्या सोल्डरवर फोडतात, कारण युरोपनं १ जुलै २००६ पासून शिशावर बंदी घातली होती. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या, म्हणून गल्लत होते. पण एनव्हिडियाचं दुखणं बोर्डवरच्या सोल्डरचं नव्हतं, चिपच्या पोटातलं होतं.

त्या दिवसांत स्क्रीन गेलेला लॅपटॉप आला की आम्ही हीट गननं चिप भाजायचो. डिस्प्ले यायचा, गिऱ्हाईक खूश. महिना-दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत दारात! मीही हे केलंय, लपवत नाही. तो इलाज नव्हताच, नुसती मुदतवाढ होती.

पुढचा टप्पा २०१६ चा. तोपर्यंत लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाच्या नावापुढे 'एम' लागायचा, म्हणजे डेस्कटॉपवाल्याचा अशक्त धाकटा भाऊ. त्या वर्षी जीटीएक्स १० मालिका आली आणि तो 'एम' गेला. डेस्कटॉपच्या जवळपास ताकदीची चिप वहीएवढ्या पेटीत बसली. साध्या लॅपटॉपचा अ‍ॅडाप्टर ६५ वॉटचा, या मशीनचा १८० वॉट आणि त्याच्याही वर. ही सगळी उष्णता दोन चिमुकल्या पंख्यांनी बाहेर फेकायची.

आणि वापरणारा कोण? होस्टेलवरचा पोरगा. दिवसा सॉलिडवर्क्स नाहीतर मशीन लर्निंग, रात्री व्हॅलोरंट, पहाटे सिनेमा. लॅपटॉप कॉटवर, खाली ब्लँकेट, म्हणजे हवा ओढायच्या जाळीला बूच. शिरोली-उद्यमनगरच्या बाजूला राहणाऱ्यांचे पंखे उघडले की धुळीचा अक्षरशः नमदा निघतो. पोरांना दोष देत नाही, एवढ्याशा खोलीत टेबल ठेवायला जागा असते कुठं?

मग टिकतो किती? माझ्या टेबलावर जे येतं त्यावरून सांगतो. पहिलं दीड-दोन वर्ष काही होत नाही. मग थर्मल पेस्ट वाळते, पंखा घरघरतो. याच सुमाराला बॅटरी उतरते. लिथियम बॅटरीची ३०० ते ५०० चार्जिंगची चक्रं झाली की ती साधारण ८० टक्क्यांवर येते, हा तिचा धर्मच आहे. तिसऱ्या वर्षी बिजागरी. स्क्रीन एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असली की प्लास्टिकमधले स्क्रूचे खोबणे तुटतातच. चौथ्या वर्षी चार्जिंगचं सर्किट किंवा ग्राफिक्सला वीज देणारा भाग. वर्षातून एकदा साफसफाई आणि पेस्ट केली तर पाच वर्षं आरामात. काहीच केलं नाही तर साडेतीन-चार. म्हणजे डिग्री आणि लॅपटॉप साधारण एकदमच संपतात, आणि त्यातलं कर्ज कधी कधी मागंच राहतं.

आता एक नवाच मृत्यू आलाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा, काही मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २०१७ सालचा सातव्या पिढीचा आय-सेव्हन, धडधाकट चालणारा, अधिकृतपणे बाद. पूर्वी मशीन मरायची, आता तिला मेलेली म्हणून जाहीर करतात.

काकांच्या लॅपटॉपकडे परत येतो. बोर्ड तपासला. प्रोसेसर ठीक, ग्राफिक्स ठीक. चार्जिंगची एक आयसी शॉर्ट झालेली, नखापेक्षा लहान. पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स बोर्डलाच सोल्डर केलेले असतात, म्हणून "मदरबोर्ड बदला" म्हणजे जवळपास सगळा लॅपटॉपच नवा. ती आयसी सुटी विकायला कंपनी तयार नाही आणि बोर्डाचा नकाशाही देत नाही.

फ्रान्सनं १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे गुण छापायला लावले, १० पैकी किती ते. सुटे भाग मिळतात का, कितीला मिळतात, उघडायला किती त्रास, हे सगळं त्यात धरतात. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. पहिल्या यादीत शेतीची अवजारं, मोबाईल-टॅबलेट, घरगुती उपकरणं, गाड्या. लॅपटॉपचं वेगळं नाव नाही. २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल सुरू झालं. पोर्टलवर माहिती मिळते, आयसी मिळत नाही! सर्व्हिस सेंटरला सुटा भाग द्यायला भाग पाडेल असं माझ्या हातात काय आहे? ट्रॅक्टरवाल्याची आणि लॅपटॉपवाल्याची अडचण एकच आहे, हे आपल्या खासदार-आमदारांना कुणीतरी सांगायला हवं. मी सांगून बघितलं, फोटो काढून झाला.

काकांना मी म्हटलं, "काका, ४८ हजार घालू नका, आठ दिवस द्या." लॅमिंग्टन रोडच्या एका ओळखीच्याकडून त्याच मॉडेलचा मेलेला बोर्ड मागवलाय. त्याच्यावरची आयसी काढून याच्यावर बसवायची. पार्सल शनिवारी येईल. मुलीचा प्रोजेक्ट हार्ड डिस्कवर काढून दिलाय, तोवर ती मैत्रिणीच्या लॅपटॉपवर काम करतेय.