मर्जीकडून कायद्याकडे : खाजगी शाळांतील अध्यापकांच्या सेवासुरक्षेची वाटचाल

करवीरनगरीच्या शैक्षणिक इतिहासाचा विचार करताना राजर्षी शाहू छत्रपतींचे पुण्यस्मरण प्रथम होते. १९०१ साली याच नगरीत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग यांसारखी वसतिगृहे उभी राहिली. १९१७ मध्ये महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पुढे १९५४ मध्ये बापूजी साळुंखे यांनी श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. दात्यांचे दान, कार्यकर्त्यांची निष्ठा आणि अध्यापकांचे श्रम या तिहींवर या जिल्ह्यातील शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. दात्यांची नावे शिलालेखांवर कोरली गेली आणि कार्यकर्त्यांची चरित्रे लिहिली गेली; परंतु अध्यापकाच्या नोकरीला संरक्षण कसे मिळाले, याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो.

कायद्यापूर्वीचा काळ

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. प्राथमिक शिक्षक प्रथम शाळा मंडळाच्या आणि १९६२ नंतर जिल्हा परिषदेच्या सेवेत आले. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी १९६४ मध्ये शिस्त व अपील यांचे स्वतंत्र नियम झाले. खाजगी माध्यमिक शाळेतील अध्यापकाची स्थिती मात्र निराळी होती. त्याच्यासाठी अनुदान संहिता आणि नंतर माध्यमिक शाळा संहिता होती. परंतु न्यायालयांच्या दृष्टीने ती शासनाची प्रशासकीय सूचनावली होती. संहितेचा भंग झाला तर शासन अनुदान रोखू शके. अध्यापकाला मात्र न्यायालयात जाऊन आपली नोकरी परत मागता येत नसे.

त्या काळच्या कायद्याची धारणाच तशी होती. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळावयास लावीत नाही, फार तर नुकसानभरपाई देते, असे तत्त्व होते. उत्तर प्रदेशातील एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या प्रकरणात १९७०च्या दशकाच्या मध्यावर सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा मांडले. त्याला सरकारी नोकर, औद्योगिक कामगार आणि वैधानिक संस्थेचा कर्मचारी असे तीनच अपवाद होते. खाजगी शाळेचा अध्यापक यांपैकी कोणीच नव्हता. तो ‘कामगार’ या व्याख्येतही बसत नाही, हे गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. परिणामी, कायद्यापूर्वीच्या काळात व्यवस्थापनाची मर्जी हाच अध्यापकाच्या नोकरीचा आधार होता. चांगल्या व्यवस्थापनाखाली त्याला घरच्यासारखी वागणूक मिळे. व्यवस्थापन बदलले की तोच अध्यापक निराधार होई.

जगातही याच काळात हा विचार पुढे येत होता. ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिस येथे अध्यापकांच्या दर्जाविषयीची शिफारस स्वीकारली गेली; आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व युनेस्को यांची ही संयुक्त शिफारस होय. आरोप लेखी कळविणे, पुरावा पाहू देणे, बचावाची व प्रतिनिधी निवडण्याची संधी देणे, निर्णय कारणांसह कळविणे आणि अपिलाची सोय ठेवणे ही पंचसूत्री तीत आहे. कामाचे मूल्यमापन वस्तुनिष्ठ असावे आणि ते अध्यापकाला कळवावे, असेही तीत म्हटले आहे.

१९७७ चा अधिनियम

महाराष्ट्रात या विचाराला कायद्याचे रूप आले ते ‘महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७’ या नावाने. १९७८ मध्ये त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १५ जुलै १९८१ पासून तो अंमलात आला. त्याखालील नियमावलीही १९८१ सालचीच आहे.

या कायद्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते. विहित रीतीवाचून कोणाही कर्मचाऱ्यास निलंबित, बडतर्फ वा कमी करता येणार नाही. बडतर्फीची कारणेही ठरलेली आहेत : गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्याची हेतुपुरस्सर व सततची हयगय आणि अकार्यक्षमता. म्हणजे अकार्यक्षम अध्यापकास काढता येत नाही, हा समज निराधार आहे. त्याला काढता येते. मात्र अकार्यक्षमता सिद्ध करावी लागते.

सिद्धतेचा मार्गही आखून दिलेला आहे. प्रथम आरोप लेखी कळवून सात दिवसांत खुलासा मागवावयाचा. खुलासा समाधानकारक नसेल तर तीन सदस्यांची चौकशी समिती नेमावयाची. त्यांत एक सदस्य व्यवस्थापनाचा, दुसरा अध्यापकाने खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांतून निवडलेला आणि तिसरा राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या नामिकेतील. ज्याने स्वतः वर्गात उभे राहून लौकिक मिळविला, त्यानेच सहव्यवसायी अध्यापकाच्या कामाची पारख करावी, ही योजना मार्मिक आहे. समितीच्या तिन्ही सदस्यांचा एकत्रित अहवाल आला पाहिजे, मग मते भिन्न असली तरी चालतील, हे २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

सक्तीच्या राजीनाम्यावरही कायद्याने उपाय योजला. राजीनामा दोन प्रतींत लिहून, त्यावर सही व तारीख घालून, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावयाची असते. कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीचे महत्त्व त्यामुळे उरले नाही.

वहीतील नोंद

कोणतीही चौकशी अखेर उभी राहते ती वर्षानुवर्षांच्या नोंदींवर. नियमावलीनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिला जावा आणि त्यातील प्रतिकूल शेरा त्याला कळविला जावा. तसे न झाल्यास त्या वर्षीचे त्याचे काम समाधानकारक होते, असेच मानले जाते. परिवीक्षाधीन अध्यापकास काम असमाधानकारक वाटल्यास एक महिन्याच्या नोटिशीने वा वेतनाने कमी करता येते. परंतु त्याच्याही कामाचे मूल्यमापन मुख्याध्यापकांनी वस्तुनिष्ठपणे करून त्याची नोंद ठेवावयाची असते. व्यवस्थापनाने आपले मत बनविताना ही नोंद विचारात घेतली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले.

संस्था हरतात त्या बहुधा येथेच. दहा वर्षे अहवालांत ‘उत्तम’ लिहावयाचे आणि अकराव्या वर्षी अकार्यक्षम म्हणून घरी बसवावयाचे, हे न्यायासनापुढे टिकत नाही. आरोप खरा असूनही रीत चुकली म्हणून आदेश रद्द होतो.

बडतर्फ अध्यापकास ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. असे एक न्यायाधिकरण कोल्हापुरातही आहे. अपील शक्यतो तीन महिन्यांत निकाली निघावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मराठवाड्यातील एका प्राथमिक शिक्षिकेच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने दिलेले संपूर्ण मागील वेतन उच्च न्यायालयाने रद्द केले होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बहाल केले. सेवा बेकायदा संपविली गेली असेल तर पुनःस्थापना व मागील वेतन हाच सामान्य नियम होय, असे या निर्णयाने ठरले. चुकीच्या आदेशाची किंमत अशी संस्थेच्या तिजोरीतून जाते.

२७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजास केंद्र शासनाने अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. या दर्जामुळे हा कायदा आपल्याला लागू नाही, असा समज होण्याचा संभव आहे. पण ही सूट मर्यादित आहे. अल्पसंख्याक शाळेस मुख्याध्यापक व कळविलेल्या आणखी तीन व्यक्तींपर्यंतच्या भरतीपुरती मोकळीक आहे. कर्मचाऱ्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी न्यायाधिकरणासारखी यंत्रणा असावी, हे २००२ मधील टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठानेही मान्य केले आहे.

न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यास या भागातील अध्यापक व विश्वस्त यांना दीर्घकाळ मुंबईचे खेटे घालावे लागत. वकिलांच्या व नागरिकांच्या प्रदीर्घ लढ्यानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांची ही पायपीट थांबली.

तथापि न्याय दारी आला म्हणून वाद वाढावेत, असे नव्हे. मुख्याध्यापकांनी वर्गात जाऊन पाठ पाहावा, उणीव स्पष्टपणे सांगावी, सुधारण्यास अवधी द्यावा आणि या साऱ्याची नोंद वेळच्या वेळी करावी. एवढे झाले तर बहुसंख्य अध्यापक सुधारतात. जो सुधारत नाही, त्याच्याविरुद्धचा निर्णय न्यायालयातही टिकतो. अध्यापकाला निर्भयतेने शिकविता यावे आणि विद्यार्थ्याला चांगला अध्यापक मिळावा, हे दोन्ही हेतू या एकाच मार्गाने साधतात. विश्वस्त या शब्दात ‘विश्वास’ आहे. तो अध्यापकाच्या पदरीही पडला पाहिजे.