जट : एका गुंत्याचा कोल्हापुरी इतिहास



कितीही पाणी लावा, जेल लावा, डोक्यावरची एखादी बट उभी ती उभीच. आपण वैतागतो, टोपी घालतो आणि कॉलेजला जातो. विषय संपला. पण आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात अशा एका हट्टी बटेने मुलींची अख्खी आयुष्यं ठरवली आहेत. आजचा भाग त्या बटेबद्दल. तिला आपण जट म्हणतो.

जट होते कशी? अगदी साधं आहे. केस बरेच दिवस धुतले नाहीत, विंचरले नाहीत, की घाम, धूळ आणि तेल यांनी ते एकमेकांना चिकटतात. आधी छोटी गाठ होते. ती सोडवली नाही की आजूबाजूचे केस तिच्यात ओढले जातात आणि शेवटी दोरखंडासारखा कडक गुंता तयार होतो. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बाईला आरशासमोर बसायला वेळ कुठला? म्हणून जट जास्त करून गरिबाच्या घरात दिसते.

आता खरा प्रश्न. गुंता झाला तर कापून का टाकत नाहीत?

कारण कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात त्या गुंत्याला वेगळा अर्थ दिला गेला. सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा, म्हणजेच रेणुका, हे इथलं मोठं दैवत. मार्गशीर्षात कोल्हापुरातून गाड्या भरभरून लोक सौंदत्तीला जातात. यात्रा करून परत आले की आपल्या ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा असते. ही श्रद्धा लाखो लोकांची आहे आणि त्यातल्या बहुतेकांचा जटेशी काही संबंध येत नाही. पण मुलीच्या डोक्यात जट दिसली की ‘देवीनं बोलावलं’ असं सांगणारं कुणीतरी गावात असायचंच. मग जटेला कंगवा लावायचा नाही. उलट तिच्यात हळद-कुंकू, भंडारा भरायचा. गुंता आणखी घट्ट! आणि पुढे त्या मुलीला देवीला सोडायचं. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, हातात परडी आणि माणसाशी लग्न कायमचं बंद. जोगतीण किंवा देवदासी झालेल्या अनेक मुलींच्या वाट्याला पुढे जोगवा, कुणाची तरी ‘ठेवलेली बाई’ म्हणून जगणं किंवा थेट वेश्यावस्ती आली. यात बहुतेक मुली दलित आणि गरीब बहुजन घरातल्या. हा योगायोग नाही.

याविरुद्ध कायदे झाले का? झाले, आणि एक नाही, अनेक. १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात जोगत्या-मुरळी प्रथेविरुद्ध कायदा केला. १९३४ मध्ये ब्रिटिश मुंबई प्रांताने देवदासी संरक्षण कायदा आणला. म्हणजे आपलं संस्थान प्रांताच्या चौदा वर्षं पुढे होतं! सौंदत्ती आज ज्या राज्यात आहे, त्या कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा केला. महाराष्ट्राने २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा केला.

पण बघा, कायदा कशाला पकडतो? मुलगी देवाला सोडण्याच्या विधीला. तिथे तारीख असते, साक्षीदार असतात. जटेला यातलं काहीच नसतं. ती घरात, गुपचूप, महिनोन्‌महिने वाढते. पोलीस केस नोंदवू शकतात, केस विंचरू शकत नाहीत.

म्हणून या लढ्यातलं दुसरं पाऊल महत्त्वाचं ठरलं. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. प्रा. विठ्ठल बन्ने आणि महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या कार्यकर्त्यांचा त्यात पुढाकार होता. ज्यांच्याबद्दल सगळे बोलायचे, त्या बायका स्वतः एकत्र आल्या. पुढे पेन्शन, मुलांचं शिक्षण, घर अशा मागण्या रस्त्यावर आल्या.

आणि जट? तिच्यासाठी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीसारख्या संघटनांचे कार्यकर्ते घरोघरी जाऊ लागले. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक बायकांना जटेतून मोकळं केलं आहे. काम कात्रीचं दिसतं, पण असतं बोलण्याचं. बाईला भीती असते, की कापलं तर डोळे जातील, नवरा मरेल, रक्त येईल. तिची भीती गेली तरी सासूची असते, मग शेजारणीची. सगळ्यांशी बोलून झालं की मग कात्री. रक्त येत नाही, दुखतही नाही, कारण डोक्याबाहेरचा केस मृत असतो. दुखत असतं ते आधी. जटेच्या वजनाने मान आखडते, उवा होतात, कुशीवर झोपता येत नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं वाटत असेल, तर थांबा. दुसऱ्या महायुद्धात आपल्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, आठवतंय? त्यांच्या पोलंडमध्येही काही शतकांपूर्वी हीच जट होती. युरोपातले डॉक्टर तिला ‘प्लिका पोलोनिका’ म्हणायचे. म्हणजे पोलंडची वेणी. तिथेही समज तोच, की कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल. एकोणिसाव्या शतकात क्राकूवचे डॉक्टर युझेफ डिटल यांनी ठामपणे सांगितलं, की हा स्वतंत्र रोग नाही, केसांची निगा न राखल्याचा परिणाम आहे. आज पोलिश भाषेत जटेसाठीचा शब्द बुरसटलेल्या विचारांच्या माणसाला वापरतात. तिथे जट डोक्यावरून गेली आणि शिवी म्हणून भाषेत उरली.

आज कुणी सलूनमध्ये पैसे मोजून ड्रेडलॉक्स करून घेतं. साधूच्या जटांना लोक हात जोडतात. मग जोगतिणीच्या जटेत वेगळं काय? वेगळं एवढंच, की ती ठेवायची की कापायची, हे तिला कुणी विचारलंच नाही.

तुमच्या गावात, गल्लीत अशी कुणी मावशी असेल, तर फोन काढून फोटो घेऊ नका. कात्री घेऊन धावूही नका. शेजारी बसा, मान दुखते का ते विचारा. बोलणं तिथून सुरू होतं.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!