द्वारप्रवेशाचे सशर्त संकलन
संगणकाच्या परिचालन प्रणालीच्या गाभ्यातील आदान-प्रदान द्वारे (पोर्ट) हाताळणाऱ्या आज्ञा ज्या यंत्रावर निरर्थक ठरतात, त्या यंत्रासाठी संकलनाच्या वेळीच वगळण्याची पद्धत. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याच्या क्रियेस संकलन म्हणतात.

प्रक्रियकाचा उपकरणांशी संपर्क दोन रीतींनी होतो. पहिल्या रीतीत स्मृतीहून अलग अशी क्रमांकित द्वारे असून ‘इन’ व ‘आउट’ या खास आज्ञांनी देवघेव होते. दुसरीत उपकरणाचे नोंदक स्मृतीच्याच पत्त्यांवर बसविलेले असतात. पीडीपी–११ (१९७०) या संगणकात स्वतंत्र आदान-प्रदान आज्ञा नव्हत्या. याउलट इंटेल ८०८० (१९७४) मध्ये २५६ आदान व २५६ प्रदान द्वारे, तर ८०८६ (१९७८) मध्ये ६५,५३६ द्वारे होती. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत विकसित झालेला ‘अजित’ हा सूक्ष्मप्रक्रियक स्पार्क आज्ञासंचावर आधारलेला असून त्या संचात द्वारांच्या आज्ञा नाहीत. तथापि आज्ञा नसल्या म्हणजे द्वारे नसतातच असे नाही. पीसीआय सेतूमार्फत स्मृतीचा एखादा पट्टा द्वारांसाठी राखून ठेवता येतो.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा इंटेल ८०३८६ साठी लिहिला. त्यामुळे द्वारे असणारच, हे त्यात गृहीत धरले गेले. १९९५ पासून तो अल्फा, स्पार्क इ. प्रक्रियकांवरही चालू लागला आणि द्वारप्रवेशाची ‘इनबी’, ‘आउटबी’ ही कार्ये सर्वत्र पुरविणे भाग पडले. आयबीएमच्या एस/३९० वर्गातील महासंगणकांत अशी द्वारे मुळीच नाहीत. अशा यंत्रांसाठी असलेल्या सर्वसाधारण व्याख्येत द्वाराचा क्रमांक शून्य या पायाभूत पत्त्यात मिळविला जाई. परिणामी पहिल्या अनुक्रमी द्वाराचा १,०१६ हा क्रमांक स्मृतीचा १,०१६ वा पत्ता ठरे. संकलन निर्वेध पार पडे. दोष मात्र आज्ञावली चालू असताना, भलत्याच स्मृतिस्थानी, प्रकट होण्याचा धोका राही. ‘क्लँग’ या संकलकाने शून्य दर्शकावरील या अंकगणिताविषयी इशारा दिल्याने प्रश्न ऐरणीवर आला.

आर्न्ट बेर्गमान व निक्लास श्नेल यांच्या प्रयत्नांतून लिनक्स ६.४ (२०२३) मध्ये ‘हॅज आयओपोर्ट’ हा पर्याय आला. त्यानंतर एकेका उपकरणचालकाची छाननी झाली. केवळ द्वारांवर अवलंबून असणारे चालक या पर्यायाशी जोडले गेले. दोन्ही रीती वापरणाऱ्या अनुक्रमी द्वारांच्या चालकांत फक्त द्वारांचा भाग अटीखाली ठेवण्यात आला. लिनक्स ६.१३ (२०२५) पासून द्वारे नसलेल्या यंत्रासाठी ‘इनबी’ वापरल्यास संकलनच थांबते.

या पद्धतीचा मुख्य लाभ थोडी स्मृती वाचणे हा नसून, सुप्त दोष आज्ञावली वापरात येण्यापूर्वीच उघड होणे हा होय. मात्र प्रत्येक अटीमुळे संकलनाच्या संभाव्य रचना वाढतात आणि वगळलेला भाग तपासला जात नाही. म्हणून पर्याय चालू व बंद अशा दोन्ही स्थितींत संकलन करून पाहणे आवश्यक ठरते.