दिलगिरी, अनुताप आणि सॉरी

‘दिलगिरी’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘दिल’ म्हणजे मन. ‘गीर’ हे पद धरणे, पकडणे या अर्थाच्या क्रियापदाचे. ‘गिरफ्तार’ आणि ‘जहांगीर’ यांतही तेच आहे. दुःखाने ज्याचे मन धरले, तो दिलगीर.

फारसीशी जालना जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या शहागडचाही संबंध आहे: ते १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. तिथला सरकारी कारभार आधी फारसीत, मग उर्दूत चाले. त्यामुळे ‘अफसोस’ हा फारसी शब्दही या भागाला परका नाही. याच जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या ‘दासबोधा’तला ‘अनुताप’ संस्कृत आहे. अनु म्हणजे मागून, ताप म्हणजे पोळणे. ‘पश्चात्तापा’ची घडणही तशीच.

इंग्रजी ‘सॉरी’ हा ‘सोअर’ म्हणजे दुखरा या शब्दाच्या कुळातला. ‘सॉरो’ म्हणजे दुःख, या शब्दाशी त्याचे मूळ जुळत नाही. ‘रिग्रेट’ जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे तो मृतासाठी शोक करण्यास वापरत.

मराठीत संस्था दिलगिरी व्यक्त करते, सरकारी पत्र खेद कळवते, चुकून धक्का लागला की ‘सॉरी’ पुरते. केलेल्या चुकीचा पश्चात्ताप होतो आणि राहून गेलेल्या गोष्टीची खंत वाटते. हे भेद जपण्याजोगे आहेत.