घोरपडीची शस्त्रे

बारामती-इंदापूर पट्ट्यात घोरपडीचा विषय निघाला की दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात. तिच्या कमरेला दोर बांधला तर माणसे कडा चढून जातात, ही एक. ती चावली तर माणूस वाचत नाही, ही दुसरी. माझ्या मते दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या खोडून काढायला हव्यात, कारण या समजुतींपायी बांधावर दिसलेल्या घोरपडीवर काठी पडते.

पूर्वपक्ष दुबळा नाही. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात तानाजी मालुसऱ्यांची घोरपड सिंहगडाचा कडा चढते. मुधोळच्या घोरपडे घराण्यात खेळणा किल्ल्याची अशीच कथा सांगतात. शिवाय शिकाऱ्यांचा अनुभव आहेच. कपारीत शिरलेली घोरपड शेपूट धरून कितीही ओढली तरी बाहेर येत नाही.

हा शेवटचा अनुभव खरा आहे, आणि सारा घोटाळा तिथूनच झाला आहे. घोरपड कपारीत शिरते, छातीत हवा भरून अंग फुगवते आणि नख्या रोवते. दोन्ही बाजूंच्या दगडांत तिचे शरीर पाचरीसारखे घट्ट बसते. म्हणजे ही पकड त्या फटीमुळे साधते. उघड्या कड्यावर अंग रोवायला फट नसते, तिथे उरतात फक्त नख्या. त्या तिचे स्वतःचे वजन पेलतात. पूर्ण वाढलेली मोठी घोरपडही साधारण सात किलोंच्या आसपास भरते. तिच्या आधाराने हत्यारबंद मावळा चढतो म्हणणे शरीरशास्त्राला धरून नाही. फट मिळाली, असे मानले तरी धन्याने सांगितल्यावर तिथे घट्ट बसायचे आणि सांगितल्यावर सोडायचे, हे तिला शिकवता येत नाही. ती भीतीने फुगते.

त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. सिंहगडाची लढाई 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री झाली. घोरपड थंड रक्ताची आणि दिवसा हिंडणारी. ऊन अंगावर घेतल्याशिवाय तिचे स्नायू नीट चालत नाहीत. माघातल्या रात्री ती बिळात सुस्त पडलेली असते. तिला त्या वेळी सह्याद्रीच्या कड्यावर सरसर चढवण्याची कल्पना मला तरी पटत नाही. आणि कृष्णाजी अनंत सभासद, ज्याने लढाईनंतर तीस वर्षांच्या आत बखर लिहिली, तो घोरपडीचे नावही काढत नाही. त्याच्या वर्णनात निवडक मावळे वानरांसारखे कडा चढतात आणि वरून इतरांची चढण्याची सोय करतात. शाहिराने घोरपड आणली ती काव्याची गरज म्हणून, आणि पोवाड्यात ती शोभतेही. पण तिच्यामुळे त्या मावळ्यांच्या हातापायांचे श्रेय कमी होते, याचे मला वाईट वाटते.

आता विषाचे. 2006 मध्ये ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी घोरपडीच्या कुळासह काही सरड्यांच्या जबड्यात विषसदृश प्रथिने स्रवणाऱ्या ग्रंथी असल्याचे मांडले. हा पुरावा नाकारून चालणार नाही. पण ग्रंथी असणे आणि माणूस मरणे यांत फार अंतर आहे. आपल्या घोरपडीला नागासारखे विषदंत नाहीत. तिच्या चाव्याने गंभीर विषबाधा झाल्याची नोंद हिमाचल प्रदेशातून झाली, तेव्हा विषतज्ज्ञांनी ती लक्षणे घोणसाच्या दंशाशी अधिक जुळतात असे म्हटले. चावा दुखतो, चिघळूही शकतो. जखम धुवावी, डॉक्टरांकडे जावे, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

मग तिची शस्त्रे कोणती? चाबकासारखी फिरणारी शेपटी, नख्या, दात, फुगलेला गळा आणि फूत्कार. ही सगळी जीव वाचवण्यासाठी आहेत, आणि तीही पळून जाता आले नाही तरच. बाकी वेळ ती दुभंगलेली जीभ बाहेर काढत वास घेत फिरते. नीरा डाव्या कालव्याच्या काठावर, उसाच्या बांधावर, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या माळावर, कडबनवाडीच्या गवतात तिच्याजोगे अन्न भरपूर आहे: भुंगे, अळ्या, विंचू, खेकडे, उंदीर, पक्ष्यांची अंडी. कोंबड्यांची अंडी ती पळवते, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. उंदरांचा हिशेबही त्यासोबत मांडायला हवा.

माणसापुढे मात्र यातले एकही शस्त्र चालत नाही. कपारीतली पकड कोल्ह्या-कुत्र्यांसारख्या शत्रूला पुरते, पहारीला पुरत नाही. सांधेदुखीवर तेल म्हणून तिची चरबी विकतात. नराच्या जननेंद्रियांची जोडी वाळवून ‘हाताजोडी’ नावाने, धनलाभाची मुळी म्हणून खपवतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत तिचे नाव आहे, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण. शिकार केल्यास तीन ते सात वर्षांची कैद होते. बांधावर ती दिसली तर दोन पावले मागे सरा, कुत्रे आवरा आणि तिला वाट द्या. घरात शिरली असेल तर वनविभागाला कळवा.